मी जर्मनीला भांडायला गेले

माझी धाकटी बहीण मला दोन वर्षं बोलावत होती आणि दोन वर्षं मी टाळत होते. कधी गुडघा पुढे केला, कधी रमजान, कधी सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग. मग एक दिवस मीच फोन करून सांगितलं, "येते." ती इतकी खूश झाली की मला तिचा अजूनच राग आला.

आमच्या ह्यांना मी खरं काय ते सांगून टाकलं. "फोनवर भांडता येत नाही. ती फोन ठेवून देते. समोर बसवून विचारायचंय मला."

हे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात व्यापार करतात, माणसं रोज पाहतात. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "भांडायला सात हजार किलोमीटर जाणारी तू पहिलीच असशील."

विचारायचं होतं ते एवढंच, की अम्मी जाताना तू का आली नाहीस.

आधी आम्ही कोण ते सांगते. आम्ही म्हसळ्याकडच्या एका गावातले कोकणी मुसलमान. घरी आमची कोकणी बोलतो, बाहेर मराठी. मी तर पस्तीस वर्षं शाळेत मराठीच शिकवलं. बहीण माझ्याहून बारा वर्षांनी लहान. वाशीतच एका हॉस्पिटलात नर्स होती. लग्न केलं नाही. पस्तिशी उलटल्यावर रात्रंदिवस पुस्तकं घेऊन बसून जर्मन शिकली आणि तिकडे निघून गेली. तिकडे ती एका वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालते, भरवते, कूस बदलून देते.

अब्बा गेल्यावर अम्मी माझ्याकडे आली. खुब्याचं हाड मोडलं आणि तिने जे अंथरूण धरलं ते वर्षभर. माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. सकाळी तिचं सगळं करून शाळेत जायचं, मधल्या सुट्टीत धावत घरी यायचं, परत जायचं. एका बाईला ठेवलं होतं, ती आठवड्यातून दोन दिवस दांडी मारायची. त्या वर्षभरात माझी बहीण, जिचं कामच म्हातारी माणसं सांभाळणं हे आहे, रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर दिसायची. अम्मी गेली तेव्हाही ती नव्हती. दफन त्याच दिवशी असरच्या नमाजनंतर झालं. ती अकरा दिवसांनी आली, पाच दिवस राहिली, गेली. त्या पाच दिवसांत मी तिच्याशी जेवलीस का, झोपलीस का, याच्या पलीकडे बोलले नाही.

तर अशी मी तिच्या दारात उभी राहिले.

ती राहते त्या शहरात बघण्यासारखं काही नाही. बघायचं गाव तासाभरावर, रेल्वेने. त्या गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. ती उच्चारते तेव्हा घसा खाकरल्यासारखं वाटतं. पोचल्याच्या चौथ्या दिवशी तिला सुट्टी होती, म्हणून आम्ही तिथे गेलो. पहिले तीन दिवस ती ड्यूटीवर आणि मी खिडकीत. भांडायला वेळच मिळाला नव्हता. सगळं पोटात साठलं होतं.

स्टेशनातून बाहेर पडलो आणि तिने सुरू केलं. "आपा, हा वेशीचा दरवाजा. आपा, ही घरं बघ, लाकडाची चौकट आणि मधे माती भरलेली. शेकडो वर्षं झाली, अजून माणसं राहतात आत."

घरं खरंच सुंदर होती. पिवळी, विटकरी, फिकट हिरवी, वरचा मजला खालच्यापेक्षा रस्त्यावर पुढे आलेला, प्रत्येक खिडकीत लाल फुलं. मला त्यांचा संताप आला. आमचं वाशी माझ्यापेक्षा वयाने लहान आहे. माझ्यासमोर बांधलेल्या इमारती माझ्यासमोर धोकादायक ठरल्या. आमच्या बाथरूमच्या छताचा पोपडा अम्मीच्या अंघोळीच्या वेळी पडला होता, तेव्हा मी तिच्या डोक्यावर बादली धरली होती. आणि इथे माती भरलेल्या भिंती शेकडो वर्षं टेचात उभ्या.

"माणसं राहतात म्हणे," मी म्हटलं. "एक तरी दिसतंय का? आवाज नाय, वास नाय. कबरस्तानात जास्त वर्दळ असते."

ती हसली. "तुला आवडेल असं वाटलं होतं."

"मी काय म्हटलं, आवडलं नाय?"

रस्ते दगडी गोट्यांचे. माझा गुडघा प्रत्येक पावलाला बोलत होता. तिने दंडाला धरायला हात पुढे केला, मी पर्स त्या खांद्यावर घेतली.

चौकात पोचलो. मधोमध दगडी हौद, भोवती भाजीचे आणि चीजचे ठेले, समोर उंच मनोऱ्याची इमारत. तिच्यावरच्या पाटीची अक्षरं मी लावून वाचली आणि बहिणीला विचारलं, "रातहाउस? रात्री काय करतात इथे?"

"नाय गो," ती म्हणाली. "नगरपालिका ती."

एवढी देखणी नगरपालिका बघूनही माझं काही भलं झालं नाही. मनोऱ्यातल्या घड्याळातून बाराच्या ठोक्याला लाकडी बाहुल्या बाहेर येतात, ते बघायला आम्ही थांबलो. माना वर करून पंधरा-वीस माणसं उभी होती. बाहुल्या आल्या, गोल फिरल्या, आत गेल्या. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी बहिणीला हाक मारली.

साधारण माझ्याच वयाची बाई होती. उंच, करड्या केसांची, हातात भाजीची टोपली. तिने टोपली खाली ठेवली, माझ्या बहिणीचे दोन्ही हात हातात घेतले आणि बोलता बोलता रडायला लागली. भर चौकात. माझी बहीण तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, हळू आवाजात तिच्या भाषेत काहीतरी सांगत होती. मग त्या बाईने माझ्याकडे वळून माझाही हात दाबला आणि मान हलवत दोन-तीन वाक्यं बोलली. शाळेत पालकांना द्यायचे तसं हसू मी दिलं.

ती गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होती?"

"काय नाय. ओळखीची आहे."

"माझा हात धरून काय म्हणाली?"

 बहीण म्हणाली, "तिची आई आमच्याकडे होती. मागच्या महिन्यात गेली. तेव्हा मी ड्यूटीवर होते, शेवटपर्यंत हात धरून बसले होते. ही गाडीत होती, पोचू शकली नाय. त्याचं सांगत होती." पुढे म्हणाली, "तुला म्हणाली, तुमची बहीण देवदूत आहे."

मला वाटतं, ते तिने सांगायला नको होतं. किंवा मी विचारायला नको होतं. माझ्या कानशिलात असं काही तापलं की समोरचा हौद, ठेले, फुलं, सगळं दिसेनासं झालं. मी एवढंच म्हटलं, "भूक लागलीय."

जेवायची जागा त्या नगरपालिकेच्याच खाली, तळघरात होती. बहिणीने आठवडाभर आधी टेबल राखून ठेवलं होतं. दगडी कमानी, जाड लाकडी बाकं, भिंतीवर पितळेची भांडी. दहा-बारा टेबलं भरलेली आणि तरी कुजबुज सोडता आवाज नाही. बहिणीने मेनू वाचून दाखवला. बरंचसं डुकराचं, उरलेलं आम्हाला न चालणारं. शेवटी आम्ही दोघींनी मासा मागवला. गोड्या पाण्यातला, लोण्यात भाजलेला, वर बदामाचे काप, बाजूला उकडलेले बटाटे. अख्खा, डोक्यासकट आला. दिसायला छान होता. चव काहीच नाही. मी पर्समधून जवळ्याच्या चटणीची बाटली काढली आणि ताटात ओतली. सुक्या कोळंबीचा तो वास कमानीखाली घुमला. पलीकडच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने नाक मुरडलं.

"आपा," बहीण दबक्या आवाजात म्हणाली, "इथे नको ना."

"का? तुझी इज्जत जाते?"

"तसं नाय."

"मग कसं? देवदूताची बहीण चटणी खाते म्हणून?"

तिने काटा खाली ठेवला. "बोल. चार दिवस बघतेय. काय ते बोलून टाक."

मग मी बोलले. दोन वर्षं पाठ केल्यासारखं होतं, ते सगळं. अम्मीच्या पाठीला झालेल्या जखमा. मधल्या सुट्टीतली धावपळ. मोडलेली माझी झोप. तिची रविवारची पंधरा मिनिटं, त्यासाठी अम्मीला आधी केस विंचरून, स्वच्छ ओढणी घालून बसवायचं, कारण हिला बरी दिसावी. "लोकांच्या आया धुतेस," मी म्हटलं, "त्यांचे हात धरून बसतेस. आपली आई तुझं नाव घेत गेली. तेव्हा कुठे होतीस तू? कुठल्या म्हातारीला सूप पाजत होतीस?"

माझा आवाज वर्गातला आहे. कमानींनी तो अजून मोठा केला. सगळी टेबलं आमच्याकडे बघत होती. वाढणारी मुलगी आली, तिने हसून काही विचारलं, बहिणीने हसून काही उत्तर दिलं. ती गेली तेव्हा बहिणीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, पुसायचं विसरल्यासारखं.

"मी रजा काढली होती," ती म्हणाली. "तुला विचारलं होतं, येऊ का."

"विचारायचं असतं?"

"तू काय उत्तर दिलंस?"

"मी काय उत्तर देणार? मला आठवत नाय. मला तेव्हा जेवायची आठवण नव्हती."

"मला आठवतं." तिने फोन काढला. शोधावं लागलं नाही, कुठे आहे ते तिच्या बोटाला माहीत होतं. फोन टेबलावर, माशाच्या ताटाशेजारी ठेवला आणि आवाज कमी करून एक व्हॉइस मेसेज लावला.

माझाच आवाज. घाईचा, खेकसलेला. "हे बघ, तू येऊ नकोस. येशील, आठ दिवस राहशील, जाशील. मग महिनाभर ती रडणार आणि मी समजावत बसणार. मला जमणार नाय ते. आम्ही आहोत ना इथे. तू तुझी नोकरी सांभाळ." मागे पंख्याची खरखर. मग, लांबून, खाटेवरून, अम्मीचा आवाज. "कोन हाय गो? ती हाय काय?" आणि माझा, तोंड वळवून, "नाय, दूधवाला हाय. निज तू."

संपलं.

मला ते आठवलं. बोललेले शब्द नाही, ती दुपार आठवली. त्याच्या आधीच्या रविवारी व्हिडिओ कॉलनंतर अम्मी तीन तास रडली होती आणि माझ्या हाताला चावली होती. त्यानंतर मी व्हिडिओ कॉल बंद केले. बहिणीला सांगितलं, तिला त्रास होतो. त्रास मला होत होता. त्या मेसेजनंतर अम्मी तीन आठवडे जगली.

"अम्मीचा एवढाच आवाज आहे माझ्याकडे," बहीण म्हणाली. "व्हिडिओ कॉल कोणी रेकॉर्ड करतं काय? एवढंच आहे. दोन वाक्यं. आणि ते ऐकायचं तर आधी तुझं सगळं ऐकावं लागतं. रोज ऐकते मी, आपा. ती विचारते, ती हाय काय. आणि तू मला दूधवाला केलंस."

मी तिच्याकडे बघितलं नाही. माशाकडे बघितलं. खरं सांगायचं तर माफी मागावी असं मला वाटलं नाही. मला उघडं पडल्यासारखं वाटलं आणि उघडं पाडणारीचा राग आला. मी म्हटलं, "तरी यायला हवं होतंस. मी कंटाळले होते, काहीही बोलत होते. तुला कळायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "यायला हवं होतं. रोज स्वतःला सांगते मी ते. तुझ्याकडून शिकायची गरज नाय." मग म्हणाली, "आणि तू फोन तिच्या कानाला लावायला हवा होतास. एक मिनिट."

"तुला माहीत नाय ती कशी झाली होती."

"मला माहीत नाय? मला?" ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "आपा, मी दिवसाला अशी अकरा माणसं बघते. मला चावतात, थुंकतात, शिव्या देतात. तू मला एकदा विचारलं असतंस, कूस कशी बदलायची, जखमेला काय लावायचं, तर रोज रात्री सांगितलं असतं. तुला विचारायचंच नव्हतं. तुला एकटीला करायचं होतं. सगळ्यांना दिसलं पाहिजे, एकटीने केलं."

  तो मासा आम्ही दोघींनी संपवला. टाकून उठायचं नाही हे अम्मीने आम्हा दोघींना एकाच छडीने शिकवलं आहे. चटणीची बाटली मी बंद केली. काही वेळाने तिने हात पुढे करून ती ओढून घेतली, झाकण काढलं, आपल्या बटाट्यांवर ओतली आणि खाल्ली. माझ्याकडे न बघता.

वर आलो तेव्हा ती म्हणाली, "किल्ल्याची तिकिटं काढलीत. जायचं काय?"

"काढलीत तर जाऊ."

किल्ला टेकडीवर. अर्ध्यापर्यंत बस होती, पुढे पायऱ्या. ती सांगत होती, हा बुरूज, ही विहीर, इथे सरदाराचं स्वयंपाकघर, बैल अख्खा भाजायचे. आवाज आता विमानतळावरच्या सूचनेसारखा झाला होता. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. वरून नदी दिसली, लाल कौलांची सगळी छपरं दिसली, फार सुंदर दिसलं, आणि आम्ही दोघी कठड्याशी एकमेकींपासून दोन हात अंतर ठेवून उभ्या होतो. एका माणसाने येऊन खुणेने विचारलं, दोघींचा फोटो काढू का. आम्ही दोघींनी एकदमच मान हलवून नको म्हटलं.

उतरताना माझा गुडघा दुमडला. पडणार एवढ्यात तिने धरलं. एक हात काखेत, दुसरा कमरेला, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकवून. माणूस उचलायची ती त्यांची रीत असावी. मला जराही दुखलं नाही. वर्षभर मी अम्मीला दोन्ही दंड धरून ओढून उठवत होते आणि ती ओरडायची. "सोड," मी म्हटलं. "सोडते," ती म्हणाली, "आधी वजन डाव्या पायावर घे." मी घेतलं. तिने सोडलं. खालपर्यंत ती एक पायरी पुढे, माझ्याकडे तोंड करून, उलटी उतरत गेली.

मी अजून सहा दिवस होते. त्या सहा दिवसांत आम्ही पुन्हा भांडलो, आणि दरवेळी कमी महत्त्वाच्या गोष्टीवरून. भात किती शिजवायचा, कचरा कुठल्या डब्यात टाकायचा. तिच्याकडे कचऱ्याचे चार डबे आहेत आणि मी मुद्दाम चुकीच्या डब्यात टाकायचे. निघायच्या दिवशी मी तिला म्हटलं, "तो मेसेज मला पाठव. माझ्याकडे अम्मीचा आवाज नाय."

"नाय पाठवणार," ती म्हणाली.

"का?"

"तुझ्याकडे ती वर्षभर होती."

आजपर्यंत तिने तो पाठवलेला नाही. मी दोनदा मागितला, दोनदा तिने विषय बदलला. मीच पाठवलेला मेसेज, माझ्या जुन्या फोनबरोबर गेला. फोन मी एक्स्चेंजमध्ये दिला होता.

वाशीला आल्यावर ह्यांनी विचारलं, "झालं भांडून?"

"झालं," मी म्हटलं. सगळं सांगितलं, दूधवाल्याचंही.  हे म्हणाले, "दोघींचंही बरोबर आहे, असं म्हणणार होतो. पण दोघींचंही चूक आहे." आणि मार्केटला निघून गेले.

एक गोष्ट मी ठरवली होती. अम्मी गेल्यापासून आमच्या सगळ्या गोतावळ्यात मी एकच गोष्ट सांगत आले होते, की बहिणीला बोलावलं तरी ती आली नाही. बोलावलं, असंच म्हणायचे मी. लग्नात, बाळाच्या अकीक्यात, कोणी अम्मीची आठवण काढली की. तेव्हा निदान खालाला तरी खरं सांगायचं. खाला म्हणजे अम्मीची धाकटी बहीण, तळोज्याला असते. तिने बहिणीशी बोलणंच टाकलं होतं.

एका शुक्रवारी दुपारी गेले. तिने तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. दोन घास खाऊन मी म्हटलं, "खाला, धाकटी येणार होती. मीच येऊ नको म्हटलं होतं."

खाला हातातली भाकरी मोडायची थांबली नाही. "असूं दे गो. येऊ नको म्हटलं म्हणून पोरगी थांबते काय? आईसाठी कोन थांबतं? तू आपल्यावर घेऊ नको. सगळं तूच केलंस, आम्ही डोळ्यांनी बघितलं हाय. तुला जन्नत हाय."

मला पुढे बोलायचं होतं. कॉल मी बंद केले, आणि अम्मी विचारत होती तेव्हा मी तिला खोटं सांगितलं. वाक्य जिभेवर होतं. खालाने माझ्या ताटात अजून एक बोंबील वाढला, डोक्यावरून हात फिरवला, आणि मला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. मी जेवले.

त्यानंतर मी तळोज्याला चार वेळा जाऊन आले. बहीण दर शुक्रवारी फोन करते, दहा मिनिटं बोलते, पाचव्या मिनिटाला आम्ही कशावरून तरी एकमेकींना टोचतो. मागच्या वेळी तिने विचारलं, "खाला माझ्याशी बोलेल काय आता?"

मी म्हटलं, "बघते."